भाषांतराची पदविका हातात आहे. पहिला अनुभव आणायचा कुठून?

पदविका मिळते, रेझ्युमे तयार होतो आणि पहिल्याच एजन्सीच्या फॉर्मवर रकाना दिसतो: ‘किमान २ वर्षांचा अनुभव’. ही अट कुणा मॅनेजरची लहर नसते. भाषांतर सेवांसाठी आयएसओ १७१००:२०१५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार अनुवादकाची पात्रता तीनपैकी एका मार्गाने दाखवावी लागते. भाषांतर विषयातली मान्यताप्राप्त पदवी हा पहिला मार्ग. दुसऱ्या कुठल्याही विषयातली पदवी आणि २ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हा दुसरा, आणि ५ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हा तिसरा. परदेशी ग्राहकांची कामे घेणाऱ्या एजन्सींना ऑडिटरपुढे हेच कागद ठेवायचे असतात. वर्षभराची पदविका पहिल्या मार्गात बसेलच असे नाही, म्हणून बहुतेक नवे अनुवादक दुसऱ्या मार्गावर अडकतात.

याच मानकात आणखी एक अट आहे: अनुवादकाने केलेला प्रत्येक मजकूर दुसऱ्या माणसाने मूळ मजकुराशी ताडून तपासला पाहिजे. या दोन अटी एकत्र वाचल्या की कोणता अनुभव मोजला जातो ते कळते. किती शब्द केले ते सांगता आले पाहिजे आणि ते कुणीतरी तपासलेले असले पाहिजेत. ‘मित्राच्या कंपनीची वेबसाइट करून दिली’ हे रेझ्युमेवर फार काळ टिकत नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या असे मोजलेले, तपासलेले शब्द जमवण्यासाठी आहेत.

१. मुंबईत काम कुठे आहे ते पाहून दोन क्षेत्रे निवडा

‘कुठलाही विषय चालेल’ असे लिहिणाऱ्याला सहसा कुणी बोलावत नाही. दोन क्षेत्रे निवडा. एक लवकर काम मिळवून देणारे असावे, दुसरे तुमच्या आधीच्या शिक्षणाशी जुळणारे. बी.कॉम. असाल तर बँक आणि विमा, नर्सिंग किंवा फार्मसी केली असेल तर वैद्यकीय.

इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या कामात जाहिरात, ॲप, बँक-विमा, ऑनलाइन प्रशिक्षण आणि औषधचाचण्यांची संमतिपत्रे जास्त असतात. सबटायटल आणि डबिंगची कामे मुख्यतः अंधेरी-गोरेगाव पट्ट्यातल्या स्टुडिओंमधून निघतात. डबिंगच्या संहितेत ओठांच्या हालचालींशी शब्द जुळवावे लागतात, त्यामुळे तिथे नवख्याला लगेच संहिता मिळत नाही. सबटायटल तपासण्याचे काम मात्र मिळू शकते.

मराठीतून इंग्रजीत जाणारे काम वेगळ्या जातीचे आहे. सातबारा, फेरफार, मृत्युपत्र, एफआयआर, जन्मदाखला, सोसायटीचे ठराव असे हे कागद. त्यांचे ग्राहक फोर्टातल्या वकिलांच्या चेंबरमध्ये, नोटरींकडे आणि व्हिसाचे काम करणाऱ्यांकडे असतात. बरेच नवे अनुवादक या दिशेला फिरकत नाहीत, कारण काम रुक्ष वाटते. पण जमिनीचे कागद नीट वाचता येणारी तरुण माणसे कमी आहेत, आणि असे काम यंत्राला अजून धड जमत नाही. गावाकडे शेती असेल, घरात सातबारा पाहिलेला असेल, तर ही तुमची जमेची बाजू आहे.

२. साधने आणि कागदपत्रे

काम मागायला निघण्यापूर्वी एवढे हाताशी ठेवा:

- पॅन कार्ड, बँक खात्याचा तपशील, पदवी-पदविकेच्या प्रमाणपत्रांच्या स्कॅन प्रती
- स्वतःच्या नावाचा साधा ई-मेल पत्ता
- युनिकोडमध्ये मराठी टायपिंग, शक्यतो इनस्क्रिप्ट कीबोर्डवर
- एक कॅट टूल. ओमेगाटी मोफत आहे आणि शिकायला पुरेसे आहे
- मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम (१९६२चे १४ आणि १९७२ची ४ जोडून १८)
- भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश. शासन व्यवहार कोश आणि न्यायव्यवहार कोश सर्वांत जास्त लागतात, आणि हे कोश ऑनलाइन शोधता येतात

कॅट टूल म्हणजे यंत्र-भाषांतर नव्हे, हा गोंधळ अनेकांच्या डोक्यात असतो. हे टूल मजकुराचे वाक्यागणिक तुकडे करते आणि तुम्ही केलेले भाषांतर टीएम म्हणजे भाषांतर-स्मृतीत साठवते. तेच किंवा तसेच वाक्य पुन्हा आले की जुने भाषांतर समोर ठेवते. ट्रॅडोस आणि मेमोक्यू एजन्सींमध्ये जास्त चालतात, पण ते महाग आहेत. पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. मोफत चाचणीची मुदत असते, ती एखाद्या प्रत्यक्ष कामासाठी राखून ठेवा. बऱ्याच एजन्सी ऑनलाइन टूलचे लॉगिन स्वतःच देतात. ओमेगाटीवर टीएम, ग्लॉसरी (ठरलेल्या शब्दांची यादी), टॅग (मजकुरातल्या मांडणीच्या खुणा) आणि मॅच (जुन्या वाक्याशी जुळणी) हे चार शब्द अंगवळणी पडले की बाकीची टूल आठवड्याभरात जमतात.

टायपिंगबद्दल थोडे सविस्तर, कारण तपासणीत गुण जातात ते बऱ्याचदा इथे. ‘ॲप’मधला पहिला वर्ण तीन-चार प्रकारे टाइप होतो: एकसंध ॲ, अ आणि चंद्र वेगवेगळे, मध्ये अदृश्य जोडचिन्ह असलेले अ आणि चंद्र, शिवाय हिंदीत चालणारा ऍ. पडद्यावर सगळे जवळपास सारखे दिसतात, पण संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. मग शोध लागत नाही, टीएमची मॅच घटते आणि ग्लॉसरी तपासणारे टूल प्रत्येक ठिकाणी चूक दाखवते. एकसंध ॲ ठरवा आणि तोच वापरा. ‘दुसऱ्या’ आणि ‘सुऱ्या’मधल्या ऱ्यचेही असेच आहे. तो ऱ वापरून लिहिता येतो, किंवा साध्या र ला अदृश्य जोडचिन्ह लावून. काही ग्राहकांची सॉफ्टवेअर हे अदृश्य चिन्ह पुसून टाकतात आणि छापून येते ‘दुसर्या’. म्हणून ऱ असलेली पहिली पद्धत ठेवा.

जुन्या सरकारी आणि छापखान्याच्या फायली श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्हीबी सुरेखसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. त्यांतून मजकूर उचलला की भलतीच अक्षरे येतात. रूपांतरक मिळतात, पण जोडाक्षरे आणि रफार हाताने तपासावेच लागतात. त्या वेळेचे पैसे भावात धरा.

३. विनामोबदला काम: तीन महिने आणि फक्त जिथे नाव राहते तिथे

फुकट काम करायला हरकत नाही. ते कुणासाठी करता हे महत्त्वाचे. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीला ‘अनुभव मिळेल’ या बोलीवर मजकूर देऊ नका. खालच्या ठिकाणी काम सार्वजनिक राहते आणि कुणालाही दाखवता येते.

टेड भाषणांची सबटायटल. इथे एकाने केलेले भाषांतर दुसरा तपासतो, मग भाषेचा समन्वयक मंजूर करतो आणि अनुवादकाचे नाव भाषणासोबत दिसते. म्हणजे ‘तपासलेले’ ही अट आपोआप पूर्ण होते. नियम काटेकोर आहेत. एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरे, एका वेळी दोनच ओळी आणि वाचनाचा वेग सेकंदाला २१ अक्षरांपर्यंत. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने वाक्य दोन सबटायटलमध्ये तोडताना अर्थ उलटासुलटा होतो. त्याची सवय व्हायला पाच-सहा भाषणे लागतात. सुरुवात पाच-सहा मिनिटांच्या भाषणाने करा.

ट्रान्सलेटर्स विदाउट बॉर्डर्स. आरोग्य, आपत्ती आणि विस्थापितांसाठीचा मजकूर इथे स्वयंसेवक करतात. काम कॅट टूलमध्ये होते, ग्लॉसरी आणि सूचना मिळतात, त्यामुळे एजन्सीची पद्धत कळते. मराठीची कामे रोज येत नाहीत. प्रोफाइल आधी करून ठेवा.

स्टोरीवीव्हर. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेला हा बालपुस्तकांचा मंच. गोष्टी खुल्या परवान्याखाली असल्याने भाषांतरासाठी वेगळी परवानगी लागत नाही आणि पुस्तकावर अनुवादकाचे नाव येते. गोष्टींच्या चार पातळ्या आहेत. पहिल्या पातळीवर पानाला एखादे वाक्य असते, आणि ते सोपे आहे असे समजणाऱ्याची तिथेच फजिती होते. सहा वर्षांच्या मुलाने मोठ्याने वाचावे असे वाक्य लिहिणे ही चांगली कसोटी आहे. इथले भाषांतर प्रसिद्ध करण्याआधी एखाद्या सहाध्यायीकडून तपासून घ्या.

मराठी विकिपीडिया. लेखाचे भाषांतर करण्याची सोय विकिपीडियातच आहे. यंत्राने दिलेला मजकूर न बदलता ठेवला तर ते टूल इशारा देते. विज्ञान-तंत्रज्ञानातल्या परिभाषेचा सराव इथे उत्तम होतो.

चारही ठिकाणी एकदम हात घालू नका. दोन निवडा आणि तीन महिन्यांत मिळून १५ ते २० हजार शब्द करा. त्यानंतर विनामोबदला काम कमी करत न्या, नाहीतर सवय लागते.

४. पहिल्या दिवसापासून नोंदवही

साधी स्प्रेडशीट पुरे. रकाने: तारीख, कुणासाठी, भाषाजोडी आणि दिशा, विषय, मूळ मजकुराचे शब्द, टूल, लागलेले तास, कुणी तपासले, आलेल्या दुरुस्त्या.

शेवटचे दोन रकाने लोक टाळतात, आणि तेच खरे उपयोगाचे. ‘१८,००० शब्द, आरोग्यविषयक, इंग्रजी ते मराठी, दुसऱ्या अनुवादकाने तपासलेले’ ही एक ओळ ‘भाषेवर प्रभुत्व’सारख्या दहा विशेषणांपेक्षा जास्त बोलते. तासांच्या रकान्यातून तुमचा वेग कळतो. नवख्याला दिवसाला १,००० ते १,२०० शब्द नीट होतात. सरावलेल्या अनुवादकाकडून २,००० ते २,५०० ची अपेक्षा असते. वेग माहीत नसताना ‘हो, उद्यापर्यंत देतो’ म्हणणे हा या धंद्यातला सर्वांत सामान्य अपघात आहे.

५. तीन नमुने, एकेक पानाचे

निवडलेल्या प्रत्येक क्षेत्रातला एक आणि एक सर्वसाधारण. प्रत्येक २०० ते २५० शब्दांचा, मूळ आणि भाषांतर शेजारी-शेजारी दोन रकान्यांत.

मजकूर कुठला घ्यायचा, याचा नियम कडक आहे. ग्राहकाचा कागद कधीही नाही, नावे खोडूनसुद्धा नाही. गोपनीयतेचा करार मोडतोच, शिवाय वाचणाऱ्याला कळते की उद्या तुम्ही त्याचेही कागद असेच दाखवाल. प्रसिद्ध लेखकाची कथाही नको. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार भाषांतराचा हक्क लेखकाचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. खुल्या परवान्याचा मजकूर घ्या, किंवा नमुन्यासाठी स्वतःच एखादे काल्पनिक भाडेकरारपत्र लिहा.

सरावासाठी समांतर मजकूर हवा असेल तर भारताच्या संविधानाची मराठी आवृत्ती, राज्याच्या अधिनियमांच्या मराठी प्रती, सेबीच्या गुंतवणूकदारांसाठीच्या मराठी पुस्तिका आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांची मराठी भाषांतरे इंग्रजीशेजारी ठेवून वाचा. सगळीच आदर्श आहेत असे नाही. कुठे अडखळायला होते त्यावर खूण करा आणि ते वाक्य पुन्हा लिहून पाहा. हा व्यायाम फार चांगला आहे.

६. रेझ्युमे

एक पान. सर्वांत वर भाषाजोडी दिशेसकट, मग क्षेत्रे, टूल, नोंदवहीतला शब्दांचा आकडा, दिवसाचा वेग, पदविका. जन्मतारीख, वडिलांचे नाव, धर्म, फोटो यांची गरज नाही. आधार क्रमांक तर अजिबात नाही.

पीडीएफ पाठवा. रेझ्युमेची चोरी या क्षेत्रात होते. कुणीतरी तुमचा रेझ्युमे नाव-ई-मेल बदलून एजन्सींना पाठवतो, किंवा एखादी एजन्सी निविदा भरताना अनुवादकांच्या यादीत परस्पर तुमचे नाव घालते. पाठवलेल्या प्रत्येक प्रतीच्या तळाशी कोणासाठी आणि कोणत्या तारखेला पाठवली ते लिहिले, तर निदान माग काढता येतो.

७. दार कुठले ठोठावायचे

एजन्सीत कर्मचारी किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून. मिळाले तर हाच सर्वांत चांगला मार्ग, पगार कमी असला तरी. सहा महिने दुसऱ्यांची भाषांतरे तपासली, फायली तयार केल्या, ग्राहकाच्या शंका हाताळल्या की घरी बसून दोन वर्षांत कळणार नाही एवढे कळते. मुलाखतीत एकच प्रश्न नक्की विचारा: माझे काम कोण तपासणार? उत्तर ‘तुम्हीच’ असे आले तर ती शिकण्याची जागा नाही.

फ्रीलान्स म्हणून एजन्सींकडे. आठवड्याला दहा, असे सहा आठवडे. एजन्सीच्या संकेतस्थळावरचा फॉर्म भरा, आणि वेंडर मॅनेजरला, म्हणजे बाहेरच्या अनुवादकांना निवडणाऱ्या माणसाला, चार ओळींचा वेगळा ई-मेल करा. प्रोझ या अनुवादकांच्या मंचावर एजन्सींबद्दल ‘ब्लू बोर्ड’ नावाची नोंद असते. पुन्हा त्यांच्याकडे काम कराल का, याला अनुवादक ५ पैकी गुण देतात. अर्ज करण्यापूर्वी ती पाहा.

यंत्राचे भाषांतर सुधारण्याचे काम, म्हणजे पोस्ट-एडिटिंग, नव्यांना हल्ली सर्वांत आधी मिळते. नाक मुरडू नका, पण आधी नमुना फाइल मागा. यंत्राचे मराठी वरून गुळगुळीत असते. एका वाक्यात ‘तुम्ही’, पुढच्यात ‘आपण’, तिसऱ्यात ‘तू’; बाईच्या तोंडी पुल्लिंगी क्रियापद; नकार गायब. असे दहा दोष पानभरात असतील तर ते नव्याने करणेच लवकर होते, आणि मग पोस्ट-एडिटिंगचा भाव परवडत नाही.

थेट ग्राहक. फोर्टातले वकील, नोटरी, तुमच्या भागातले व्हिसा-सल्लागार, नोंदणीकृत संस्था. इथे ई-मेलपेक्षा प्रत्यक्ष भेट चालते. दुपारी तीननंतर जा. सकाळी वकील कोर्टात असतात. मुंबई उच्च न्यायालयाचे स्वतःचे अनुवादक कार्यालय आहे, त्यामुळे न्यायालयात दाखल करायचे प्रत्येक भाषांतर खासगी अनुवादकाकडून चालेल असे समजू नका. वकिलालाच विचारा.

प्रकाशक. अनुभवाच्या सुरुवातीला पुस्तकावर विसंबू नका. पैसे उशिरा येतात आणि काम वर्षभर पुरते. संपर्क मात्र ठेवा. साहित्य अकादमीचे प्रादेशिक कार्यालय आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दोन्ही दादर पूर्वेला आहेत. तिथल्या कार्यक्रमांना गेलात तर अनुवादक आणि संपादक प्रत्यक्ष भेटतात. करार झाला तर एक कलम वाचा: हक्क किती काळासाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी दिले. लेखी करारात मुदत लिहिली नसेल तर कायदा ५ वर्षे धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

सापळे ओळखा. नोंदणी शुल्क किंवा अनामत मागणारा, ‘टायपिंग-भाषांतर प्रकल्प’ देऊन चुका झाल्यास दंडाची धमकी देणारा, ठरल्यापेक्षा जास्त रकमेचा चेक पाठवून फरक परत मागणारा, हे तिघेही फसवे. काम देणारा तुमच्याकडून पैसे घेत नाही, इतके लक्षात ठेवले तरी पुरे.

८. चाचणी भाषांतर

२०० ते ३०० शब्दांची चाचणी विनामोबदला देण्याचा प्रघात आहे. १,००० शब्दांची ‘चाचणी’ म्हणजे बहुधा खरे काम तुकडे करून उमेदवारांत वाटलेले असते. त्याला नम्रपणे लिहा की पहिले ३०० शब्द चाचणी म्हणून देतो, पुढच्यांचा भाव असा. खरी एजन्सी रागावत नाही.

चाचणी एका बैठकीत करून लगेच पाठवू नका. रात्री करा, सकाळी मूळ मजकूर न पाहता नुसते मराठी मोठ्याने वाचा, मग ताडून पाहा. नापास होण्याची कारणे साधारण ठरलेली असतात.

सूचना न वाचणे. अंक देवनागरी की आंतरराष्ट्रीय, वाचकाला ‘तुम्ही’ की ‘आपण’, उत्पादनाचे नाव लिप्यंतरित की मूळ लिपीत, हे सूचनापत्रात असते. नसेल तर विचारा आणि काय ठरवले ते सोबतच्या ई-मेलमध्ये लिहा.

इंग्रजीची पाठराखण. ‘तुमचा अर्ज आमच्याद्वारे प्राप्त केला गेला आहे’ हे मराठी नाही. ‘तुमचा अर्ज मिळाला’ हे आहे. प्रत्येक ‘द्वारे’ आणि ‘केले गेले’ शोधून काढा, दहापैकी नऊ जातील.

हिंदीची छाया. मुंबईत हा दोष कानातूनच शिरतो. ‘माहिती प्रदान करा’ऐवजी ‘माहिती द्या’. हिंदीतून मराठीत करताना तर जपून. ‘शिक्षा’ तिकडे शिक्षण, इकडे दंड. ‘संसार’ तिकडे जग, इकडे घरप्रपंच. आणि कोर्टाच्या कागदातला हिंदी ‘राजीनामा’ म्हणजे तडजोड, नोकरी सोडल्याचे पत्र नव्हे.

आकडे. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी. शून्ये मोजा, मग पुन्हा मोजा.

९. पहिले पैशाचे काम

काम घेताना पर्चेस ऑर्डर (एजन्सीचा कामाचा लेखी आदेश) किंवा निदान ई-मेलमध्ये पाच गोष्टी लेखी हव्यात: कुठली फाइल, किती शब्द, कशावर मोजलेले, भाव, आणि मुदत तारीख-वेळेसकट. एजन्सी परदेशी असेल तर वेळ कुठली तेही. ‘दिवसअखेर’ लंडनची असेल तर आपल्याकडे रात्र झालेली असते.

फाइल उघडून पूर्ण चाळल्याशिवाय हो म्हणू नका. पहिले पान सोपे असते. घोडे पेंड खाते ते सहाव्या पानावरच्या हस्तलिखित तक्त्यात.

शंका एकत्र करून एकदाच विचारा, प्रत्येकीसोबत पान क्रमांक आणि तुमचा प्रस्ताव. ‘याचा अर्थ काय?’ असे न लिहिता ‘याचा अर्थ अमुक धरून पुढे जातो आहे, चुकत असेल तर कळवा’ असे लिहा.

मराठीतून इंग्रजीत कागदपत्रे करणाऱ्यांसाठी काही खास जागा. सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. आर म्हणजे एकर नव्हे! १ आर म्हणजे १०० चौरस मीटर, १०० आर म्हणजे १ हेक्टर. ०.४०.०० असे लिहिलेले क्षेत्र ४० आर, म्हणजे ४,००० चौरस मीटर, साधारण एक एकर. ते ४० एकर झाले तर पुढे काय होईल, ते सांगायला नको. गुंठा आणखी वेगळा: ४० गुंठ्यांचा एकर, गुंठा साधारण १०१ चौरस मीटर. ‘फेरफार’, ‘पोटखराब’, ‘भोगवटादार’ यांसाठी पहिल्यांदा मूळ शब्द रोमन लिपीत ठेवून पुढे इंग्रजी अर्थ द्या आणि पुढे सर्वत्र तोच वापरा.

व्यक्तींच्या नावांचे स्पेलिंग स्वतः ठरवू नका. पासपोर्टची प्रत मागा आणि त्याप्रमाणेच लिहा. तारखेत महिना अक्षरांत, म्हणजे ०५/०४ मेची की एप्रिलची हा वाद राहत नाही. शिक्का, सही, समासातला शेरा, खाडाखोड यांची नोंद चौकटी कंसात करा. वाचता येत नसेल तिथे ‘अवाच्य’ लिहा. अंदाजाने भरू नका.

‘सर्टिफाइड’ भाषांतर मागितले तर आधी विचारा की कागद कुठे सादर करायचा आहे. आपल्याकडे युरोपातल्या काही देशांसारखी शपथबद्ध अनुवादकांची सरसकट सरकारी नोंदणी नाही. कुठे अनुवादकाचे सही केलेले निवेदन चालते, कुठे एजन्सीचा लेटरहेड लागतो, कुठे नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र. चुकीचा प्रकार दिला की ग्राहकाची व्हिसाची तारीख जाते आणि बोल तुम्हाला लागतो.

औषधचाचण्यांच्या संमतिपत्रांत उलट-भाषांतर मागतात: मराठी मजकूर पुन्हा इंग्रजीत. इथे मूळ इंग्रजी पाहायचे नसते आणि मराठी सुधारायचेही नसते. मराठीत चूक असेल तर ती इंग्रजीत जशीच्या तशी दिसली पाहिजे, कारण तीच पकडण्यासाठी हे काम आहे.

ग्राहकाची फाइल मोफत ऑनलाइन भाषांतर-यंत्रात टाकू नका. करारात सहसा स्पष्ट मनाई असते.

दुरुस्त्या परत आल्या की तीन गट करा: खऱ्या चुका, ग्राहकाच्या पसंतीचे शब्द आणि तपासणाऱ्याच्या स्वतःच्या चुका. पहिल्या मान्य करा, दुसऱ्या त्या ग्राहकाच्या ग्लॉसरीत टाका, तिसऱ्यांना नियम किंवा कोशाचा दाखला देऊन एका ओळीत उत्तर द्या. गप्प बसू नका, वादही घालू नका.

१०. भाव: शब्द कशावर मोजले?

मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटतात. इंग्रजीत चार शब्द लागतात तिथे ‘सरकारी कार्यालयात’ दोनच. त्यामुळे इंग्रजीतून मराठीत करताना शब्द घटतात. एजन्सी ‘मराठी शब्दांवर’ पैसे देणार असेल तर तेवढेच काम कमी पैशात होते. इंग्रजी ते मराठी: मूळ इंग्रजी शब्दांवर मोजा. मराठी ते इंग्रजी: तयार झालेल्या इंग्रजी शब्दांवर. स्कॅन केलेल्या कागदाला पानावर भाव लावला तर एक पान म्हणजे किती शब्द ते लिहून घ्या.

तळाचा भाव स्वतः काढा. समजा महिन्याला ३०,००० रुपये हवेत, २० दिवस काम आणि दिवसाला १,२०० शब्द. २४,००० शब्द होतात, म्हणजे शब्दाला सव्वा रुपया. पण सुरुवातीला निम्मे दिवसच काम मिळेल असे धरा, की तोच आकडा अडीच रुपये होतो. याखाली जायचे असेल तर कशासाठी जातो आहोत ते माहीत असावे. मॅचवर सवलत मागितली तर टक्के आधी लिहून घ्या. पूर्ण जुळणाऱ्या वाक्यांचे पैसे द्यायचे नसतील तर ती वाक्ये तपासायची जबाबदारीही तुमची नाही, हेसुद्धा.

११. बिल, कर आणि अडकलेले पैसे

बिलावर क्रमांक, तारीख, पर्चेस ऑर्डरचा क्रमांक, शब्द, भाव, पॅन, बँक तपशील. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांसाठी जीएसटी नोंदणी सहसा लागत नाही. कंपन्या व्यावसायिक शुल्कावर साधारणतः १० टक्के टीडीएस कापतात. पॅन दिला नाही तर २० टक्के. विवरणपत्र भरले की जास्तीचा कर परत मिळतो, म्हणून उत्पन्न करपात्र नसले तरी भरा.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारकडे होणारी नोंद, पहिले बिल देण्याआधी करा. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे. शोधात वर येणारी, शुल्क मागणारी संकेतस्थळे खासगी असतात. या नोंदणीचा फायदा असा की २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार भारतातल्या ग्राहकाला तुमचे पैसे ठरल्या मुदतीत, आणि करारात काहीही लिहिले असले तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. लेखी करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. ‘आमच्याकडे ९० दिवसांचीच पद्धत आहे’ असे म्हणणाऱ्या अकाउंट्स विभागाला बिलावरचा उद्यम क्रमांक आणि ही तरतूद दाखवणारी एक ओळ बऱ्याचदा पुरते. नाही पुरली तर केंद्राच्या पोर्टलवरून राज्याच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे (थकलेल्या पैशांचे वाद सोडवणाऱ्या मंडळाकडे) तक्रार करता येते. तिथे पर्चेस ऑर्डर, काम पोचल्याचा ई-मेल आणि बिल हे तीन कागद लागतील. म्हणून काम पाठवल्यावर ‘फाइल मिळाली’ एवढे उत्तर प्रत्येक वेळी लेखी मागून घ्या.